बारा व्होल्टचा लाल दिवा

चंद्रपूर,
२३ नोव्हेंबर

प्रिय उर्वशी,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहून काढतो, म्हणजे पुढचं लिहायला बळ येईल. पत्र्याचा डोंगा, बारा फुटी. एकोणीस वर्षं झाली, अजून तळ्यात आहे, एकदाही पाझरला नाही. तुझा पाळणा, बांबूचा, एकही खिळा न मारता. सायकलच्या चाकावर फिरणारा धान उपणायचा पंखा. घराची सगळी वायरिंग. मासोळ्या तोलायचा तराजू, ज्याला चिमूरच्या बाजारात कोणी बोट दाखवलं नाही. तुझ्या आईच्या विळ्यांच्या तीन मुठी, तिच्या उजव्या पंजाचं माप घेऊन घासलेल्या. आणि झटका मशीन, सहा नग.

यातलं एकही मला कोणी शिकवलं नाही. सातवी नापास माणूस आहे मी, पण माझ्या हातची वस्तू परत आली नाही, हे मी तुमच्यासमोर कितीदा बोललो असेन. आता तसं बोलता येणार नाही.

आई जिवंत आहे, जेवते आहे, आधी एवढं वाच. मग दाराआड बसून पुढचं वाच. पत्र जावईबापूंच्या हाती देतो आहे. त्यांना निम्मं माहीत आहे. तुझे बाळंतपणाचे टाके ओले असेपर्यंत तुला सांगू नका असं मीच त्यांना म्हटलं होतं, म्हणून त्यांच्यावर रागावू नको. फोनवर मी तुझ्याशी दोनदा खोटं बोललो. पहिल्यांदा पहिल्या दिवशी, दुसऱ्यांदा अकराव्या दिवशी. ती दोन्ही इथं दुरुस्त करतो. फोनवर जमलं नसतं, आई शेजारीच असते.

मशीन तुला माहीत आहे, पण सिरोंच्याला तुझ्या घरी दुसऱ्या कोणी वाचलं तर समजावं म्हणून लिहितो. धानाच्या बांधाभोवती तार फिरवायची. मशीन बॅटरीवर चालतं, त्या तारेत क्षणभर झटका सोडतं, थांबतं, पुन्हा सोडतं. रानडुक्कर दचकून पळतो, मरत नाही. माणूसही मरत नाही. मी स्वतः दोनदा हात लावून पाहिला होता. असं मशीन बाजारात मिळतं. माझी भर होती ती लाल दिव्याची. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, बांबूच्या टोकावर, दोन बांधांवरून दिसेल असा. दिवा पेटलेला असला की तारेला हात लावायचा नाही. विझलेला असला की खुशाल लावायचा. पोळ्याला तू आली होतीस तेव्हा अंगणात मी मशीन लावून दाखवलं आणि तू मोबाइलवर व्हिडिओ काढलास. आई सूप घेऊन मागं उभी होती, मधेच काहीतरी बोलली, म्हणून तेवढा तुकडा काढून टाक असं मी तुला सांगितलं. तो व्हिडिओ किती लोकांनी पाहिला ते तूच मला फोन करकरून सांगायचीस. वरोऱ्याचा तो शेतीसामानाचा दुकानदार अजय, तोही त्या व्हिडिओवरूनच माझ्यापर्यंत आला.

ऑक्टोबरच्या शेवटी तीन दिवस आभाळ होतं. सोलरची प्लेट चार्ज देईना, बॅटरी उतरली. दोन रात्रीत डुकरांनी तळ्याकडच्या कोपऱ्यातलं निसवलेलं धान लोळवून टाकलं. सत्तावीस तारखेला संध्याकाळी मी मशीनला पंपाच्या लाइनीवरून वीज दिली. हे करायचं नसतं. मीच पाच जणांना मशीन देताना बजावलं होतं, काही झालं तरी लाइनीवर जोडू नका. पण मी म्हणजे ते पाच जण नव्हेत, असं मला वाटलं. एका रात्रीचा प्रश्न होता. सव्वासहाला निघालो तेव्हा दिवा पेटलेला होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच लाल. छान दिसला मला तो.

अठ्ठावीसला सकाळी मी तळ्यात जाळं उचलत होतो. आईला म्हटलं होतं, मी आधी वावराकडून जाऊन मशीन बंद करतो. पण जाळ्याला ओढ दिसली आणि मी सरळ तळ्यावर गेलो. ती सहा चाळीसला बांधावर पोचली. पायात काही नव्हतं, दवानं बांध ओला. तिनं तार खाली दाबून ओलांडायला उजवा हात टाकला. या वेळी तारेत झटका नव्हता, सलग वीज होती. मशीनमधला वीज तोडणारा भाग लाइनीचा दाब सोसू न शकून चिकटून बसला होता. शेजारच्या वावरात सुकलू होता. त्यानं वाळका बांबू घालून तिला तारेवरून ढकललं. मी पोचलो तेव्हा ती बांधावर बसलेली होती, डोळे उघडे, आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सरळ करून पाहत होती. ती सरळ होत नव्हती.

सुकलू मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, पोलीस लागन. तारेत करंट सोडला म्हणजे सीधी केस हाय. मागच्या साली त्या लोकायच्या तारेत बिबट मेला, अजून तारखा करून राह्यले. चुलीवर पडली असं म्हणजा." मी काही बोलायच्या आत तुझी आईच म्हणाली, "हो. चुलीवर पडली मी. चला."

चिमूरला पोचलो आठ पाचला. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण लक्ष देणारी. तळव्यावर रुपयाएवढा पांढरट खड्डा, कडेनं काळा. तिनं विचारलं, आईनं सांगितलं. मग तिनं पाय पाहिले. डाव्या टाचेला जोंधळ्याएवढं काळं छिद्र होतं. "चुलीवर पडल्यावर टाच कशी भाजली, मावशी?" आई म्हणाली, "निखारा उडला जी." डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्यांकडे पाहत होतो.

कारण हात सुजायला लागला होता आणि सिस्टर म्हणत होती, बांगड्या फोडाव्या लागतील. तुझी आई तेवढ्यावरून बाजेवर उठून बसली. "बांगड्या नाई फोडायच्या. हे इथी उभे हायेत माह्यासमोर, जिते." सिस्टर समजावते आहे, ही ऐकत नाही. मग मी पुढं झालो. तेल मागितलं, सलाइनच्या पिशवीचं प्लास्टिक घेऊन तिच्या पंजाभोवती गुंडाळलं आणि त्यावरून एकेक बांगडी सरकवत काढली. सात बांगड्या. एकही फुटली नाही, चरासुद्धा पडला नाही. सिस्टर म्हणाली, "काका, हात आहे तुमचा!" आणि बेटा, लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. अकरा मिनिटं लागली त्याला. त्या अकरा मिनिटांत मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं वेगळं झालं असतं.

बोटं वळेनात आणि मनगटाची नाडी लागेना म्हणून त्यांनी चंद्रपूरला पाठवलं. साडेनऊला ॲम्ब्युलन्स निघाली. वरोरा, मग भद्रावती. आई रस्ताभर तहान लागली म्हणत होती. मी बाटलीच्या झाकणानं पाणी पाजत होतो आणि डोक्यात हिशेब चालू होता. वीज तळव्यातून आत शिरली, टाचेतून बाहेर पडली. मधे काय होतं? तार तापते ती बाहेरून दिसते, कारण ती उघडी असते. माणूस आतून तापतो. हे मला कळत होतं. कळणारा त्या गाडीत मी एकटाच होतो आणि मीच गप्प होतो. माझ्या खिशात सात बांगड्या वाजत होत्या. आईनं मधेच डोळे उघडून म्हटलं, "काई बोलू नोका बरं तिथी. तुमाले नेतील त माह्यं कोण पाह्यन?"

मोठ्या दवाखान्यात पोचलो अकरा पन्नासला. त्यांनी लघवीची नळी घातली. पिशवीत उतरलं ते कोऱ्या चहासारखं. डॉक्टर पन्नाशीचे, आवाज खाली ठेवून बोलणारे. त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि मला म्हणाले, "चुलीवर भाजलेल्या बाईला अशी लघवी होत नाही. आता खरं काय ते सांगा. नाहीतर मी हिला चुलीचंच औषध देत बसेन, आणि संध्याकाळी हिच्या किडन्या बसतील."

तेव्हा मी बोललो. आणि बोललो तेही तुझ्या बापासारखंच. दोनशे तीस व्होल्ट, पंपाची लाइन, उजवा तळवा ते डावी टाच, पाय उघडे, बांध ओला, सुकलूच्या अंदाजानं पाच सेकंद, वेळ सहा चाळीस. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "इतकं नेमकं माहीत होतं, आणि गप्प होता?" आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिथून पुढं मात्र सगळे धावले. छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, दोन्हीकडून सलाइन सोडलं, तासाभरात ऑपरेशनला नेऊन कोपरापासून मनगटापर्यंत हात उभा चिरून मोकळा केला. आतलं मांस सुजून आपल्याच कातडीत गुदमरतं, असं त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. किडन्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी लघवी फिकी झाली, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. पण हात काळा पडत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. मी विचारलं, कुठून? ते म्हणाले, कोपराच्या चार बोटं खाली. मी सही केली. माझी सही इतकी वाकडी कधी आली नव्हती. उर्वशी, पहिल्या दिवशी फोनवर तुला मी आई चुलीवर पडली, हाताचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलं होतं. आईचा उजवा हात आता नाही. त्या मुठींचे तीन विळे घरी आहेत.

मी डॉक्टरांना एकदाच विचारलं, सकाळी आठलाच सांगितलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. ते मोजत बसू नका." पण मी मोजणारा माणूस आहे. सहा चाळीसपासून मी तोंड उघडेपर्यंत पाच तास चाळीस मिनिटं झाली होती.

हे झालं पहिलं खोटं. दिवाळी वॉर्डातच गेली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या माणसांनी करंज्या दिल्या, मी आईला भरवल्या. नवऱ्याच्या हातानं जेवायची तिला सवय नाही. पहिले दोन दिवस तिनं पदर तोंडासमोर धरूनच घास घेतला.

सहाव्या दिवशी पोलीस बयाण घ्यायला आले. मशीन माझं, लाइन मी जोडली, चुलीचं खोटं होतं, सगळं मी स्वतःहून सांगितलं. शेवटी हवालदारानं विचारलं, "मग बाईनं हात काऊन लावला तारेले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दिवा होता. तिनं पाह्यला नाई." त्यानं तसंच लिहिलं. मी सही केली. ही सही सरळ आली.

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं तुला म्हणता येईल. पण मी तिला विचारलंही नव्हतं. नवव्या दिवशी सुकलू मशीन पिशवीत घालून घेऊन आला. जिन्याखाली बसून मी ते उघडलं. बल्बची काच आतून काळी झालेली, आतली बारीक तार तुटलेली. बघताक्षणी कळलं. बारा व्होल्टचा बल्ब, लाइनीवर जोडल्यापासून त्याला बारापेक्षा जास्त दाब जात होता. संध्याकाळी जास्त लाल दिसला तो त्याचमुळे. रात्रीत कधीतरी वीज तोडणारा भाग चिकटला, लाइनीचा पूर्ण दाब आला आणि तो उडाला. सकाळी दिवा विझलेला होता आणि तार जिवंत होती. मी बल्ब खिशात ठेवला, बांगड्यांच्या खिशात नाही, दुसऱ्या.

आणि हे माहीत असताना अकराव्या दिवशी मी तुला फोन केला. करंट लागल्याचं तुझ्या सासरी कोणीतरी ऐकलं होतं, तू रडत होतीस, विचारत होतीस, कसं झालं. मी म्हटलं, तुझ्या आईनं दिवा पाहिला नाही. तू म्हणालीस, आईला द्या. फोन मीच तिच्या कानाला धरला, कारण डाव्या हाताला सलाइन होतं. तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, दिवा पाहाले का झालं होतं तुले? बाबानं इतकं डोकं लावून केलं, अन् तू आंधळ्यावानी हात टाकला?" तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हो बाई. चुकलं माह्यं. लेकराले न्हाऊ कोण घालते आता?" मी फोन धरून उभा होतो. माझा हात ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना (मला जमते आता, तीन पेडी, सुटत नाही) ती माझ्याकडे न बघता बोलली. "मी पाह्यला होता जी दिवा. इझला होता. तुमी बंद करून गेले असान, असंच वाटलं मले." तेवढंच. रागानं नाही. एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं तसं.

इतर पाचपैकी चार मशीन सुकलूनं गोळा करून आणली. आशाबाई देत नाही. तिनं निरोप पाठवला, "भाऊले म्हणा, मशीन नेता त डुकरं बी घेऊन जा." खरं आहे तिचं. तिच्या मशीनची वीज मी सुकलूकडून तोडवून घेतली आणि धान कापेपर्यंत तिच्या बांधावर जागलीला आपला माणूस बसवला आहे. घरी गेलो की मीच बसेन.

मागच्या रविवारी अजय आला, शहाळी घेऊन. बराच वेळ बसला. म्हणाला, दादा, वाईट झालं, पण बयाणात तुम्ही बरोबर सांगितलं. मशीनवर ठपका नाही, दिव्यावर नाही. वहिनीनं पाहिलं नाही, एवढंच राहू द्या. कराराचा कागद त्याच्या पिशवीतच होता. आई जागी होती. अजय पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा मला म्हणाली, "घ्या जी. हात त परत येत नाई. मी पाह्यलं नाई, असंच राहू द्या, माह्यं काय जाते?" मी नाही म्हटलं तशी चिडली. "तवा बी तुमाले मानच पायजे होता, अन् आता बी मानच." यात ती खोटं बोलत नाही, हे तुला मी आता वेगळं सांगायला नको. काल मी पोलिसांकडे जाऊन दुसरं बयाण दिलं: दिवा विझलेला होता, तिनं पाहिला होता, चूक माझ्या वस्तूची आणि माझी. हवालदार म्हणाला, बायकोला वाचवायला सगळेच असं म्हणतात, काही पुरावा? मी बल्ब दिला. तो म्हणाला, बल्ब काय, केव्हाही उडतो.

म्हणून तुला लिहितो आहे, बेटा. पोळ्याच्या दिवशीचा तो कापलेला तुकडा तुझ्या मोबाइलमध्ये अजून असेल तर मला पाठव. आई मधेच काय बोलली होती ते तू विसरली असशील. मी विसरलो नाही, फक्त आठवायचं टाळत होतो. सूप हातात घेऊन तिनं विचारलं होतं, "अन् दिवाच गेला त मले कसं समजन जी?" सगळे हसले. मी म्हटलं, "माह्या हातचा दिवा जात नाई." शाळेत न गेलेल्या बाईनं एका वाक्यात मशीन तपासलं होतं, आणि ते वाक्य मी तुझ्याकडून कापून घेतलं. तिच्याच आवाजातलं ते मला पोलिसांना ऐकवायचं आहे. आणि आधी तू ऐक, मग तिला फोन कर. फोन मीच धरीन. अजयही तुला फोन करेल, बापाला समजाव म्हणेल. तो काय देत होता ते तुला माझ्याकडूनच कळू दे: मशीनचा नकाशा त्याच्या नावावर, शंभर मशीन करून द्यायचं काम, प्रत्येक डब्यावर लाल दिव्याशेजारी माझं नाव, आणि सही करताच रोख दोन लाख चाळीस हजार रुपये. मी नको म्हटलं.

तुझाच बाप,
बाबुलाल